फ्यूज काढून बघा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंना फियाटवाल्या काकांचा चेहरा पहिले काही महिने दिसतच नाही. दिसतात ते पाय. रविवारी सकाळी जिन्याशेजारच्या पार्किंगमध्ये एका जुन्या, गोलमटोल, राखाडी गाडीचं पुढचं दार उघडं असतं, तेही उलट्या बाजूने, आणि त्यातून पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले असतात. काकांचं डोकं क्लचपाशी, नजर डॅशबोर्डच्या पोटात. कुणाची चाहूल लागली की आतून आवाज येतो, "कोण आहे रे? जरा टॉर्च धर." माणूस दूध आणायला निघालेला असो की ऑफिसला, तो टॉर्च धरतो. टॉर्च धरायला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणायचं तर ते कुणाच्या तोंडावर म्हणणार? समोर फक्त पाय असतात.

काका शॉर्ट शोधत असतात.

हा माणूस एकच असता तर मी इतकं लिहिलं नसतं. उपनगरांत तो जागोजागी आहे. अंधेरीकडचा असेल तर त्याची गाडी मधूनमधून शूटिंगला भाड्याने जाते, आणि पन्नासच्या दशकातला कुठलाही प्रसंग टीव्हीवर लागला की तो नायिकेकडे न बघता मागे उभ्या गाडीचा उजवा हेडलाइट पेटला का ते बघतो. बोरिवलीकडचा विंटेज गाड्यांच्या रॅलीला दक्षिण मुंबईत हॉर्निमन सर्कलला जातो. जाताना गाडीने आणि येताना बहुधा टोचनने. घाटकोपरच्या शेठजींची गाडी लखलखीत असते, पण त्यांनी बोनेट स्वतः कधी उघडलेलं नसतं, तेव्हा त्यांना या पंगतीत बसवणं काकांना मान्य नाही. "पैसे देऊन दुरुस्त केलेली गाडी ही गाडी नव्हे, फर्निचर," असं त्यांचं मत आहे. मुलुंडचा वाण अस्सल. निवृत्त, राष्ट्रीयीकृत बँकेतला, हाताने खतावण्या लिहिलेल्या पिढीतला. दिवसाचा हिशेब पस्तीस पैशांनी जुळत नाही म्हणून रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलेला माणूस. पस्तीस पैसे खिशातून टाकून घरी जाता आलं असतं, हे त्याला तेव्हाही कुणी सांगू शकलं नाही आणि आजही "काका, नवीन वायरिंग टाकून मोकळे व्हा" हे कुणी सांगू शकत नाही.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. हे नाव काकांनी ठेवलेलं नाही, ते मुंबईने ठेवलं. मूळ नाव फियाट इलेव्हन हंड्रेड, इटालियनमध्ये मिलेचेंतो. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या, आणि 1954 पासून ही इलेव्हन हंड्रेड तिथून बाहेर पडायला लागली. फुगीर पाठ, आखूड नाक, पुढची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. मुंबईकरांनी एक नजर टाकली आणि बारसं उरकलं. पुढे याच घराण्यात पद्मिनी जन्मली आणि टॅक्सी होऊन शहरभर फिरली. 30 ऑक्टोबर 2023 ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिलं. काका मात्र घुश्शात होते. "या सगळ्या भाच्या. मावशी अजून चालतेय, तिच्याबद्दल एक ओळ नाही." मावशी त्या दिवशी चालत नव्हती, पण ते असो.

गाडीच्या नावामुळे घरात थोडी पंचाईत होते. काकूंचा फोन जिन्यात उभं राहून चालतो, तेव्हा सगळ्या इमारतीला ऐकू येतं, "नाही गं, जेवण कसलं. डुक्कर खाली पडलंय आणि हे त्याच्या पोटात."

शॉर्ट म्हणजे काय, हे काका टॉर्च धरणाऱ्याला समजावून सांगतात. ती टॉर्च धरण्याची फी असते, आणि ती टॉर्च धरणाऱ्यानेच द्यायची असते. बॅटरीतून वीज निघते, वायरीतून दिव्यापर्यंत जाते, उजेड पाडते आणि गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परत येते. म्हणजे जायला वायर लागते, यायला लागत नाही. सगळी बॉडी हाच परतीचा रस्ता, काकांच्या भाषेत 'अर्थ'. "आता मधेच कुठे वायरची साल निघाली आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर वीज दिव्यापर्यंत जाईल कशाला? मस्टरवर सही करून मागच्या दाराने घरी जाणाऱ्या कारकुनासारखी ती तिथूनच परत फिरते." इथे काका थांबतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर शाखेतला कुणी तरी उभा राहिलेला असतो. मग पुढे सांगतात की वाटेत काम करावं लागलं नाही की वीज बेसुमार धावते, वायर तापते, आणि तेवढ्यात फ्यूज उडाला तर ठीक. नाही उडाला तर प्लास्टिक जळल्याचा वास येतो आणि त्या वासानंतर जे काही होतं ते विम्याच्या कागदांत लिहितात.

फ्यूज हा काकांचा हळवा विषय आहे. त्यांच्या गाडीतला फ्यूज म्हणजे चिनी मातीची छोटी कांडी, तिच्या अंगावरून गेलेली धातूची पट्टी. पट्टी वितळली की डोळ्यांना दिसते, मीटर लागत नाही. मोटारीचा फ्यूज उडालाय आणि नवा जवळ नाही अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवायची विद्या मुंबईतल्या गॅरेजांत फार जुनी आहे. काकांच्या गाडीच्या आधीच्या कुणी मालकाने ती आत्मसात केलेली होती. काकांनी फ्यूज बॉक्स पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यात एकही मूळ पट्टी नव्हती, सगळी चांदी. हे सांगताना काकांचा आवाज अजूनही घोगरा होतो. "म्हणजे फ्यूज कधी उडणारच नाही. गाडी उडेल." मॉरिस मायनरच्या फ्यूज बॉक्समध्ये मुळात दोनच फ्यूज असतात, हेही ते न विचारता सांगतात. हेडलाइटच्या लाइनीला तर तेवढंही संरक्षण नाही. "इंग्रजांनी दोन फ्यूजवर गाडी चालवली. राज्यही तसंच चालवलं." त्या गाड्यांना विजेचं सामान पुरवणाऱ्या जोसेफ लूकसच्या कंपनीला तिकडचे मोटारवाले अंधाराचा राजपुत्र म्हणतात, हा काकांचा सर्वांत आवडता विनोद. तो ऐकून हसलं नाही तर टॉर्च आणखी पंधरा मिनिटं धरावी लागते.

डॅशबोर्डखाली डोकं घालून बघितलं तर एकावर एक पिढ्या दिसतात. तळाशी कापडी वेष्टणाच्या मूळ वायरी, त्यांच्यावरचं रबर उन्हाने तडकून खपल्या धरलेलं. त्यावर रेडिओची वायर. त्यावर कॅसेट प्लेअरची, दोन स्पीकरांसकट. त्यावर कधीकाळी गाडी मागे घेताना धून वाजायची, तिची. अगदी वर मोबाइल चार्जरची, जी काकांच्या मुलाने बसवली आणि म्हणून काका जिच्यावर सर्वांत आधी संशय घेतात. यातली प्रत्येक वस्तू कधीच गेली, वायरी तेवढ्या राहिल्या. आणि मूळच्या सोडल्या तर सगळ्या लाल, कारण त्या त्या वेळच्या वायरमनकडे त्या दिवशी लालच होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी ही गाडी कुर्ल्याला, म्हणजे माहेरीच, दारांच्या वर पाण्यात उभी होती. तेव्हापासून तांबं आतून हिरवं पडलंय. काका काळाची मोजणी त्या तारखेने करतात. "हा फॉल्ट सव्वीस जुलैच्या आधीचा," असं ते एखादी वायर चिमटीत धरून, वास घेऊन सांगतात. उंदरांचे फॉल्ट वेगळे. त्यांना तारीख नसते.

काकांची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी आधी ती समजून घ्यावी. आधी हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढायची. पाना बॅटरीच्या प्लसला लागलेला असताना अंगठी चुकून पत्र्याला टेकली, तर अंगठी लालभडक होते आणि बोट तिच्या आत असतं. ही घड्याळ-अंगठी काका मागे न बघता हात मागे करून देतात आणि ती घ्यायला काकू तिथे असतात, किंवा असायला हव्यात असं काकांना वाटतं. काकूंच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की कुकर इतक्यात लावायचा नाही. मग बॅटरीची मायनस केबल सोडवायची आणि केबल व बॅटरी यांच्या मध्ये ब्रेकलाइटचा एकवीस वॉटचा बल्ब जोडायचा. गाडीतलं सगळं बंद आहे, तरी बल्ब भगभगीत पेटला तर सरळ शॉर्ट. मिणमिणला तर गळती. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या लाइनीत चोर. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर चोर फ्यूजच्या अलीकडे, बहुधा डायनामोच्या कटआउटमध्ये. त्याचे पॉइंट चिकटले की गाडी बंद झाल्यावर बॅटरी रात्रभर उलटी डायनामोत रिकामी होत बसते. असं झालं तर काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते त्यांच्या मुलाला पहिला पगार मिळाला तेव्हाही नव्हतं, असं काकू म्हणतात.

सगळे निष्कर्ष एका लाँगबुकात उतरतात. डावीकडे लक्षण, उजवीकडे निदान, शेवटी सही. सही कशाला, तर बँकेची सवय. "ब्रेक दाबल्यावर डावा इंडिकेटर पेटतो. निदान: मागच्या दिव्याचा अर्थ सुटला, परतीची वाट न मिळाल्याने करंट शेजारच्या बल्बातून जातो." "वायपर चालू केल्यावर पेट्रोलचा काटा वर जातो. निदान: अर्थ. (टीप: सौ. म्हणाली, मग वायपर चालू ठेवा.)"

गोष्ट गाडीपुरती राहिली असती तर बरं होतं. पण ज्या माणसाला फ्यूज काढून बघायची सवय लागते त्याला घरादारात सगळीकडे फ्यूज दिसायला लागतात. काकांना ॲसिडिटी झाली तेव्हा त्यांनी डॉक्टरकडे न जाता पहिल्या आठवड्यात चहा बंद केला, दुसऱ्या आठवड्यात चहा सुरू करून तूरडाळ बंद केली, तिसऱ्या आठवड्यात तूरडाळ सुरू करून लोणचं. एका वेळी एकच, नाहीतर निष्कर्ष निघत नाही. चोर सापडला तो स्टेशनजवळच्या वड्याच्या रूपात. तो फ्यूज त्यांनी काढला नाही, नुसती नोंद केली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं होतात म्हणून सेक्रेटरी वैतागले तेव्हाही काकांनी हाच तोडगा सुचवला: रोज एकेका सभासदाला ग्रुपमधून काढा आणि भांडण थांबतं का बघा. सेक्रेटरींनी खरंच करून पाहिलं. ज्या दिवशी काकांना काढलं त्या दिवशी ग्रुपवर दिवसभर सुप्रभातशिवाय काही आलं नाही. काकांनी लाँगबुकात प्रामाणिकपणे नोंद केली, सही केली आणि दुसऱ्या दिवशी परत यायची परवानगी मागितली.

या सगळ्या फॉल्टांत सगळ्यांत गाजला तो हॉर्नचा. हॉर्नला प्लस कायम आलेला असतो; स्टेअरिंगवरचं बटण दाबलं की मायनस जोडला जातो आणि हॉर्न वाजतो. बटणाची वायर स्टेअरिंगच्या नळीतून खाली उतरते. ती घासून घासून एका जागी उघडी पडली, आणि स्टेअरिंग डावीकडे वळवलं की नळीला टेकायला लागली. म्हणजे उजवीकडे वळताना गाडी गरीब, सरळ जाताना गरीब, आणि डावीकडे वळायचं म्हटलं की अखंड भोंगा. दुसरा कुणी हॉर्नची वायर काढून ठेवून गप्प बसला असता. पण हॉर्नशिवाय गाडी चालवणं बेकायदा आणि काका कायद्याला धरून. त्यांनी मुलुंड पश्चिमेच्या रस्त्यांचा फायदा घेतला. तिथले जुने रस्ते काटकोनात आखलेले आहेत, तेव्हा डावीकडे जायचं असेल तर चौकातून पुढे जाऊन एकापाठोपाठ तीन उजवी वळणं घ्यायची. आपल्याकडे उजवं वळण म्हणजे समोरून येणाऱ्या सगळ्या रहदारीच्या पोटात शिरणं. तरीही तो सबंध पावसाळा काका भाजी आणायला तीन उजव्या वळणांनी गेले. आधी जी मंडई पाच मिनिटांवर होती ती पाऊण तासावर गेली. काकू पायी जाऊन, भाजी घेऊन, निवडून बसलेल्या असायच्या तेव्हा काका मंडईच्या दारात पोचायचे.

याच सुमाराला मुंबई पोलिसांनी एक सिग्नल काढला होता. लोक लाल दिव्याला उभे राहून हॉर्न वाजवतात म्हणून आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. 2020 च्या सुरुवातीला त्याचा व्हिडिओ सगळ्या देशभर फिरला. प्रयोग झाला तो सीएसएमटी, पेडर रोड, वांद्रे अशा ठिकाणी. मुलुंडपर्यंत तो आला असता तर काका डावीकडे चाक वळवून उभे राहिले असते आणि एलबीएस रोड ठाण्यापर्यंत अजून तुंबलेला असता.

मधे एकदा काकांच्या मुलाने गाडीची रीतसर विंटेज म्हणून नोंदणी करून घ्या म्हणून आग्रह धरला. 2021 मध्ये केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज; नव्या नोंदणीला वीस हजार रुपये; नंबरात व्हीए ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. मुलाला वाटलं, बाबा नाराज होतील. काकांनी नियम दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "देखभाल चालते ना? संशोधन चालतं? मग आपलं दुसरं काय चाललंय?" नोंदणी मात्र अजून व्हायची आहे, कारण तपासणीच्या दिवशी गाडी सुरू व्हायला हवी.

काकांचा एक प्रतिस्पर्धी आहे. भांडुपच्या सोनापूरकडे एलबीएस रोडवर गाड्यांच्या विजेचं काम करणारा उस्ताद. याचं शास्त्र काकांच्या विरुद्ध टोकाचं. हा बल्ब लावत नाही, फ्यूज काढत नाही. बोनेट उघडतो, दोन मिनिटं बघतो, नाक खाली नेतो, हात घालतो आणि नेमकी तीच वायर ओढून बाहेर काढतो. काळ्या टेपचा तुकडा दाताने तोडून गुंडाळतो. "हो गया, काका." एवढ्या कामाचे पैसे घ्यायला त्याला लाज वाटते आणि द्यायला काकांना राग येतो. फॉल्ट सापडला याचा राग नाही. कसा सापडला हे लाँगबुकात लिहिता येत नाही याचा. काकांनी एकदा त्याला विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" उस्ताद म्हणाला, "काका, चालीस साल से यही जगह पे कटता है." त्या दिवशी काकांनी नोंद केली, "निदान: उस्ताद," आणि सही केली नाही.

त्या उस्तादालाही न सापडलेला एक फॉल्ट होता. मागच्या दिव्यांचा फ्यूज उडायचा, पण रोज नाही. काका एकटे रात्री गाडी घेऊन गेले तर सगळं सुरळीत. काकूंना घेऊन दुपारी घाटकोपरला मेहुणीकडे गेले तरी सुरळीत. दोघं कालिदास नाट्यगृहात रात्रीचं नाटक बघायला गेले की येताना मागचे दिवे गुल. लाँगबुकातल्या नोंदी एकाखाली एक मांडल्या तर सगळ्यांत समान गोष्ट एकच निघाली: नाटक. आता नाटकाने फ्यूज कसा उडेल? पण बँकेत राहिलेला माणूस आकड्यांशी वाद घालत नाही. काकांनी संगीत नाटक, विनोदी नाटक आणि सामाजिक नाटक अशी तिन्ही बघून पाहिली. तिन्हीला उडाला. काकूंच्या नाटकाच्या हौशीचा मात्र त्या वर्षी बॅकलॉग भरून निघाला, म्हणून त्यांनी काही तक्रार केली नाही.

शेवटी एका रविवारी पार्किंगमध्ये मोठा प्रयोग मांडला. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तोच एकवीस वॉटचा बल्ब लावला. शॉर्ट झाला की फ्यूज न उडता हा बल्ब झगझगीत पेटणार. पार्किंग लाइट चालू केले. टॉर्च माझ्याकडे. काकांनी सगळ्या वायरी हलवून बघितल्या, डिकी दहा वेळा आपटली, काही नाही. मग त्यांना सुचलं की नाटकाला जाताना मागे कुणी तरी बसतं. काकू कायम मागे बसतात. पुढचं दार उलटं उघडतं, ते वाऱ्याने उडेल अशी त्यांना पहिल्या दिवसापासून भीती. वॉचमनला मागे बसवलं. बल्ब शांत. वजन वाढवायला त्याच्या जागी सेक्रेटरींना बसवलं. शांत. दोघं उजवीकडेच बसले, कारण गाडीची डावी बाजू भिंतीला चिकटून असते आणि सेक्रेटरींना डावीकडे सरकणं त्यांच्या देहयष्टीत शक्य नव्हतं. तेवढ्यात काकू "पानं वाढलीयेत" सांगायला खाली आल्या. काका म्हणाले, "जरा बस." काकू उजव्या दाराने शिरल्या, सवयीने डावीकडे आपल्या जागेवर सरकल्या, आणि बल्ब असा पेटला की डॅशबोर्ड उजळून निघाला.

कुणी काही बोलेना. वॉचमन गेटकडे बघायला लागला. सेक्रेटरींनी मोबाइल काढला. काकांचे पाय पहिल्यांदाच मी इतके निश्चल पाहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. उठ जरा." बल्ब विझला. "बस." पेटला.

"बोला ना," काकू म्हणाल्या. "मी बसले की पेटतो, असंच ना? पेटेल नाहीतर काय होईल? इथे ती स्प्रिंग वर आलीये, टोचते, टोचते म्हणून किती वर्षं सांगतेय तुम्हाला."

काका डॅशबोर्डखालून बाहेर आले. सीट उचलली. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक खालून मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरीत बरोबर रुतलेलं होतं. दिवसा ती वायर मेलेली, म्हणून मेहुणीकडे जाताना काही होत नव्हतं. रात्री दिवे लागले आणि वर कुणी बसलं की करंट स्प्रिंगमधून थेट बॉडीत. काका बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू टोचतंय म्हणालीस. शॉर्ट आहे असं कधी म्हणालीस?"

त्यानंतरचा आठवडा काकांचा वाईट गेला. गाडीतलं सगळं चालत होतं. रविवारी ते नीट शर्ट-पँटमध्ये बाकावर बसलेले दिसले, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी त्यांना पाहुणे समजून कुणाकडे आलात म्हणून विचारलं. सुदैवाने सीट दुरुस्त करणाऱ्या कुशनवाल्याने एक खिळा नको तिथे ठोकलेला होता, तेव्हा पुढच्या रविवारी पाय पुन्हा आपल्या जागी आले.

आता सोसायटी पुनर्विकासात जायची आहे. सभांमध्ये लोक कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाड्यावर भांडतात. काकांची मागणी एकच, आणि ती त्यांनी लेखी दिली आहे: पार्किंगची जागा अशी हवी की गाडीशेजारी एक माणूस आडवा पडू शकेल. बिल्डरच्या वकिलांनी विचारलं, "आडवा म्हणजे? झोपायला?" काकू म्हणाल्या, "हो, तेवढंच सुखाने झोपतात." बिल्डर म्हणाला, नव्या इमारतीत पार्किंग एकावर एक, यांत्रिक, गाडी ताटलीवर ठेवायची, बटण दाबायचं, ती वर जाते, शेजारी माणूस लागतच नाही. खात्री पटावी म्हणून त्याने आम्हा सभासदांना घाटकोपर पूर्वेला, पंतनगरकडे झालेली त्याची एक इमारत दाखवायला नेलं. काकूही आल्या.

चकचकीत होतं सगळं. मॅनेजरने बटण दाबलं, एक पांढरी गाडी ताटलीसकट वर निघाली आणि पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. मग हसत फोन लावला. सेन्सरचा काही तरी इश्यू, म्हणाला, कंपनीचा माणूस येतो, मॉड्यूल बदलतो, तीन-चार दिवसांत चालू.

"बदलतो म्हणजे? गेलंय काय ते कोण बघतं?" काकांनी विचारलं.

"बघत नाहीत काका. पूर्ण युनिट बदलतात."

"पॅनल कुठे आहे?"

"ते उघडायचं नाही काका, वॉरंटी जाते."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडवलं, बोटातली अंगठी काढली आणि मागे न बघता हात मागे केला. काकूंनी पर्स उघडून दोन्ही आत टाकलं आणि मला विचारलं, "इथली ती खाऊ गल्ली कुठल्या बाजूला आहे रे? आधी डोसा खाऊन घेऊ."